घरच्या कॉम्प्युटरला मी संस्था केलं

मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे आणि मला याद्या करायची सवय आहे. सकाळी उठल्यावर कालच्या यादीत काय राहिलं ते पाहते, राहिलेलं आजच्या यादीत उतरवते आणि मग चहा ठेवते. घरातले याला हसतात. पण सिलिंडर कधी लावला, बियाण्याची पावती कुठल्या पिशवीत आहे, हे विचारायला माझ्याकडेच येतात. या सवयीमुळे माझ्या हातून फारशा चुका झाल्या नाहीत. एक मात्र झाली. ती यादीमुळेच झाली, आणि कळल्यावरही मी ती कितीतरी महिने दुरुस्त केली नाही.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मंचरच्या आमच्या शाळेत दहा कॉम्प्युटर आले. ते बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आले होते. विकतची ऑपरेटिंग सिस्टिम परवडत नाही म्हणून त्यांनी मोफत मिळणारी घातली. तिच्यात पॅकेज मॅनेजर नावाचा एक भाग होता. इंजिनिअरांनी तो मला सोपा करून सांगितला. कॉम्प्युटरवर जे जे प्रोग्रॅम लागतात ते या एका ठिकाणाहून मागवायचे. आपण एक मागायचा. त्याला चालायला आणखी जे चार लागतील ते तो स्वतः शोधून आणतो. मला हे फार आवडलं. पुरणपोळी एवढंच लिहावं आणि डाळ, गूळ, वेलदोडे यादीत आपोआप उतरावेत, असा तो प्रकार होता.

हा भाग पहिल्यांदा उघडला की काही प्रश्न विचारतो. वापर वैयक्तिक की संस्थेसाठी, प्रमुखाचं नाव काय, त्याचा पासवर्ड काय, प्रोग्रॅम कुठल्या भांडारातून आणायचे, नवीन आवृत्ती किती दिवसांनी तपासायची. इंजिनिअर भराभर खुणा करत गेले आणि मी त्यांच्या शेजारी बसून एकेक पायरी वहीत उतरवत गेले. चौदा पायऱ्या झाल्या. नवव्या पायरीला त्यांनी 'संस्था' निवडलं. दहाव्या पायरीला प्रमुख म्हणून हेडसरांचं नाव घातलं. हेडसरांनी दारातूनच पासवर्ड मोठ्यानं सांगितला आणि मला म्हणाले, "पुढचं तुम्हीच बघा."

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला.

आमचं घर अवसरी बुद्रुकला. तेव्हा घरात नऊ माणसं होती. मी आणि माझे यजमान, दीर आणि जाऊ, दोघींची मिळून चार मुलं, आणि सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो.

अण्णांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय बराचसा सुधारला, पण उजवा हात जड राहिला आणि बोलणं अडखळायला लागलं. त्याआधी वीस वर्षं गावच्या उपसा योजनेचं पाणीवाटप त्यांच्याकडे होतं. घोड नदीवरून पाणी उचलायचं आणि पाइपलाइनवरच्या रानांना पाळीपाळीनं सोडायचं. कुणाची पाळी कधी, हे अण्णा सांगायचे. मोटारघराची किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला असायची. झटक्यानंतर त्यांनी ती स्वतःच काढून दिली. मग मधल्या खोलीतल्या कॉटवर ते रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले.

आम्ही त्यांना कशात घेत नव्हतो. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्रास नको, एवढंच. बैलजोडी विकली ती न विचारता, कांदा साठवायची बराख नवीन बांधली तीही न विचारता. चहा हवा का, एवढं विचारायचो. त्यालाही ते बोटानं उत्तर द्यायचे. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो उशाशी पडून असायचा. मंचरला तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, यांना बोलतं करा आणि हाताला काम लावा. हे वर्ष गेलं तर पुढं अवघड आहे. हे असेच बसून राहतील." मी तेही यादीत लिहिलं होतं. 'अण्णांना बोलतं करणे.' ही नोंद रोज उद्याच्या यादीत जायची.

कॉम्प्युटर मधल्या खोलीत ठेवला, कारण फोनची वायर तिथे होती. म्हणजे अण्णांच्या कॉटच्या अगदी शेजारी. रविवारी सकाळी, वीज जायच्या आत, मी शाळेची वही उघडून बसले आणि पायरी एकपासून सुरुवात केली.

नवव्या पायरीला क्षणभर थांबले. 'वैयक्तिक' आणि 'संस्था' असे दोनच पर्याय होते. घरात नऊ माणसं, त्यातली सात वापरणार. वैयक्तिक म्हणजे एकट्याचं. आमच्या घरात एकट्याचं असं काहीच नव्हतं, टॉवेलसुद्धा नाही. वहीत 'संस्था' लिहिलं होतं. मी तिथे खूण केली.

दहावी पायरी प्रमुखाच्या नावाची. विजेचा मीटर, फोन, गॅस, रेशनकार्ड, सातबारा, सगळं अण्णांच्या नावावर. दुसरं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही. नाव टाइप केलं. मग पासवर्ड विचारला, तेव्हा वाटलं, नाव त्यांचं आहे तर निदान विचारावं.

"अण्णा, इथे एक खुणेचा शब्द लागतो. कुलपाच्या किल्लीसारखा. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉटच्या कडेला सरकले, कीबोर्ड ओढला आणि उजवा हात त्यावर ठेवला. सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळे इंग्रजी अक्षरं ओळखायचे. एकेक अक्षर शोधून दाबायला त्यांना बराच वेळ लागला. मधे त्यांनी डाव्या हाताचा आडोसा केला.

"मी वहीत लिहून ठेवते," मी म्हणाले.

"किल्ली..." ते म्हणाले, "सांगायची नसती."

मी पेन खाली ठेवलं.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. सात जणांची सात खाती झाली. मग एका संध्याकाळी दिरांना गाण्यांचा प्रोग्रॅम हवा होता. त्यांनी तो शोधून बटण दाबलं, तर पुढे एक चौकट आली.

"वैनी, हे म्हणतंय प्रमुखाची मंजुरी घ्या. आणि कारण लिवा. कोण प्रमुख?"

"अण्णा."

"आपले अण्णा?"

"संस्था आहे ना. संस्थेला प्रमुख लागतो."

दिरांनी कारणाच्या रकान्यात 'असंच' असं टाइप केलं आणि मागे वळून म्हणाले, "अण्णा, गाण्याचं एक घालायचंय. तेवढं मंजूर करा."

मी अण्णांचं खातं उघडून दिलं. त्यांनी पासवर्ड टाकला. अर्ज समोर आला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"असंच म्हंजे... काय कारण झालं?"

दीर माझ्याकडे पाहायला लागले, मी अण्णांकडे. झटका आल्यापासून त्यांनी घरातल्या कुणालाही एकही प्रश्न विचारला नव्हता.

"गाणी ऐकायची, अण्णा."

"मग तसं लिव."

दिरांनी हसत हसत पुन्हा अर्ज केला. अण्णांनी तो रात्रीवर ठेवला नाही, पण लगेचही मंजूर केला नाही. आधी चहा घेतला.

त्यानंतर हा नेमच झाला. शाळेत मुलांचे, शिक्षकांचे अर्ज यायचे ते मी हेडसरांच्या नावानं दहा मिनिटांत मंजूर करून मोकळी व्हायचे. कारणाच्या रकान्यात कुणी नुसतं टिंब दिलं तरी चालायचं. घरी तसं चालेना. सकाळी अकराला अण्णा कॉम्प्युटरसमोर बसायचे. अर्ज मोठ्यानं वाचायचे, कारण डोळ्यांनी वाचलं तर ओळ सुटते म्हणायचे. प्रोग्रॅमचं नाव इंग्रजीत, त्याखाली त्याचं वर्णन, त्याच्याबरोबर आणखी काय काय येणार याची यादी. ते सगळं ते अडखळत, पण शेवटपर्यंत वाचायचे. एकदा माझ्या मुलीनं चित्रं काढायचा प्रोग्रॅम मागितला आणि त्याच्याबरोबर अकरा वस्तू येणार असं दिसलं. अण्णांनी तिला बोलावून घेतलं.

"तू मागितलं एक. हे अकरा पावणं कोण?"

"अण्णा, ते त्याच्या मदतीला लागतात."

"जेवून जात्यात का ऱ्हात्यात?"

"राहतात."

"मग जागा बघाया पायजे," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी डिस्कवर मोकळी जागा किती ते कसं पाहायचं हे तिच्याकडून शिकून घेतलं.

एका रविवारी तीन अर्ज एकदम आले. दिरांचा सगळ्यात आधीचा, मग मुलांचा, आणि सगळ्यात शेवटी जावेचा. माझी जाऊ कमी बोलणारी. तिच्या नावानं तो पहिलाच अर्ज होता. मराठी टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम मागितला होता. अण्णांनी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि कारणाच्या रकान्यापाशी आवाज कमी केला. तिनं लिहिलं होतं, 'टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची आहे. नोकरीला उपयोग होईल. कुणाला सांगितलेलं नाही.'

जाऊ दारात उभी होती. पीठ लागलेले हात तिनं पदराला पुसले.

"बारावी झालीस ना तू?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मग एवढे दिस बोलली का न्हाईस?"

"कुणी विचारलं नाही, अण्णा. इथे रकाना होता म्हणून लिहिलं."

अण्णांनी तिचा अर्ज सगळ्यात आधी मंजूर केला. दीर बाहेरून आल्यावर जेवताना कुरकुरले. "माझा नंबर पहिला व्हता. ही तर शेवटची."

"म्हून तर आधी." अण्णा एवढं बोलून थांबले, श्वास घेतला, आणि मग आम्ही वर्षभरात ऐकलं नव्हतं एवढं लांब बोलले. "पाइपच्या शेवटच्या रानाला आधी पाणी द्यायचं. तोंडाजवळचा काय, कवाबी घेतो. त्याला आधी दिलं तर शेवटच्याला पोचतच न्हाई. वीस वर्सं हेच केलं मी. लोकं भांडली, पण शेवटचं रान कवा वाळलं न्हाई."

माझे यजमान जेवता जेवता थांबले होते. जाऊ पोळी वाढायला उठली आणि अण्णांच्या ताटात तिनं न विचारता दुसरी घातली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी अण्णांचा हात धरून दाबायला सांगितलं, नाव-गाव विचारलं, आणि मग मला म्हणाले, "चेंडू वापरायला लागले वाटतं?"

"नाही, चेंडू तसाच आहे. घरच्या कॉम्प्युटरचे ते प्रमुख आहेत."

डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

माझी चूक मला कळली ती शाळेत. इंजिनिअर वर्षाच्या देखभालीला आले होते. मी सहज म्हणाले की घरी पण हेच घातलंय, तुमच्याच चौदा पायऱ्यांनी. त्यांनी नववी पायरी विचारली आणि हसायला लागले. "मॅडम, घरी संस्था कशाला? संस्था म्हणजे कंपनी, ऑफिस, जिथे कुणी काय घालावं यावर लक्ष ठेवायचं असतं. घरच्यांना वैयक्तिक. मग कुणी कुणाला विचारायला नको. सेटिंगमध्ये जा, खूण बदला, प्रमुखाचा पासवर्ड टाका. दोन मिनिटांचं काम."

मी वहीत लिहून घेतलं. घरी आले. मधल्या खोलीत अण्णा माझ्या मुलाला विचारत होते, "हे बुद्धिबळाचं मागं एकदा घातलंय की. दुसरं कशाला?" आणि मुलगा दोन्हींतला फरक समजावून सांगत होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. दोन मिनिटांचं ते काम मी महिनोन् महिने पुढच्या पानावर ढकलत राहिले. मला ठाऊक असलेली एक गोष्ट घरात फक्त मला ठाऊक आहे, याचा त्रास व्हायचा. पण सुट्टीच्या दिवशी अकरा वाजले की अण्णा चष्मा शोधायचे, आणि मी तो आणून द्यायचे.

हे निभलं ते दिरांच्या पॉलीहाऊसपर्यंत. त्यांनी ढोबळी मिरचीसाठी पॉलीहाऊस घालायचं ठरवलं होतं. बांधणाऱ्यांनी आराखडा मेलवर पाठवला आणि दुपारपर्यंत हो-नाही कळवा म्हणाले. आराखडा उघडायला वेगळा प्रोग्रॅम लागत होता. नेमके अण्णा त्या दिवशी यजमानांबरोबर आळे गावाला एका लग्नाला गेले होते, आणि पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता. ते परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि तोवर बांधणाऱ्यांनी त्या हंगामातली आमची पाळी दुसऱ्याला दिली होती.

दीर मला परसात गाठून बोलले. आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरला होता.

"वैनी, मी नारायणगावच्या एकाला इचारलं. तो म्हनला घरच्या मशिनला असं कुणी ठेवतच न्हाई. चुकीचं बसवलंय. बाहेर सांगितलं तर लोकं हसतील, राव. सोताच्या घरात अर्ज करायचा."

"चूक माझी आहे. मला माहीत आहे."

"म्हाईत हाये? मग बदललं का न्हाई?"

मी मधल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. दिरांनीही पाहिलं.

"ते मला बी दिसतंय," ते म्हणाले. "मला काय आंधळा समजता का? पण माझं बी काम हाये ना. रविवारी तो मानूस येनार हाये. सगळं पुसून नवं घालून देतो म्हनला."

"सगळं पुसू नका. तुमच्या बायकोचा टायपिंगचा सराव त्यात आहे. मी अण्णांना सांगते. रविवारच्या आत."

शनिवारी अर्धी शाळा होती. साडेअकराला घरी आले तेव्हा अण्णा कॉम्प्युटरसमोरच होते. मी कॉटवर बसले. एरवी कामाचं बोलायला मला वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला.

"अण्णा, कॉम्प्युटर बसवताना माझ्याकडून एक चूक झाली. यानं विचारलं होतं, घरचा की संस्थेचा. मी शाळेची यादी समोर ठेवून संस्थेची खूण केली. घरच्याला मंजुरी लागत नाही. कुणी काहीही घालू शकतं."

अण्णांनी कीबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"कवा कळलं?"

"बरेच महिने झाले."

"मग ह्ये जे मला इचारत व्हते..." ते थांबले. शब्द अडला की चेहरा वर करायचा, तसा वर केला. "ते मशिन इचारत व्हतं. घरातलं कुणी न्हाई."

मी खरं तेवढं सांगितलं. "सुरुवातीला मशिननंच विचारलं, अण्णा. आम्ही विचारायला पाहिजे होतं, ते आम्ही विसरलो होतो. बैल विकले तेव्हाही विचारलं नाही. ती चूक या खुणेपेक्षा मोठी होती."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, ती पूर्ण जाईपर्यंत अण्णा पाहत राहिले. मला वाटलं, आता हे पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसणार. डॉक्टरांचं बोलणं आठवलं. त्या पाच-सात मिनिटांत मी मनात कुठलीही यादी केली नाही.

मग त्यांनी विचारलं, "शाळेत परमुख कोण?"

"हेडसर."

"ते वाचत्यात का अर्ज?"

"नाही. त्यांना वेळ नसतो. मीच मंजूर करते."

"कारण बी वाचत न्हाईस?"

"नाही."

"वाचत जा," ते म्हणाले. "एखादी पोर लिवत असती."

त्यांनी खुर्ची ओढली आणि मला सेटिंगचं पान उघडायला लावलं. 'संस्था'वरची खूण कशी काढायची ते मी दाखवलं, पण ती काढली त्यांनी, उजव्या हातानं. माउस थोडा हलला, दुसऱ्यांदा नीट बसला. मग पासवर्डची चौकट आली. मी तोंड फिरवून भिंतीकडे पाहिलं. बटणांचा आवाज आता पहिल्या रविवारसारखा थांबत थांबत येत नव्हता.

"झालं," अण्णा म्हणाले. "पाणी भरपूर आसलं की पाळी उठवायची आसती. धाकट्याला सांग, त्या मानसाला बोलवू नको."

रविवार शांत गेला. सोमवारी अकराला अण्णांनी चष्मा मागितला नाही. मी शाळेत होते, जावेनं संध्याकाळी सांगितलं. मंगळवारीही नाही. जाऊ सराव करत होती तेव्हा ते कॉटवर पडून होते, झोप नव्हती. मुलांनी दोन खेळ घालून टाकले, अण्णांना विचारायचं सुचलंच नाही. मी मुलांना काही बोलले नाही. सक्तीनं विचारायला लावून काय मिळणार होतं?

बुधवारी शाळेतून परतले तर दीर कॉम्प्युटरसमोर बसले होते. ठिबकचं वेळापत्रक करायचा एक प्रोग्रॅम पडद्यावर होता. 'घाला' असं बटण समोर होतं आणि ते दाबायला आता कुणाची मंजुरी लागत नव्हती. दीर बटण न दाबता खुर्ची मागे वळवून बसले.

"अण्णा, ह्ये ठिबकचं हाये. कुठल्या वळीला किती वेळ पानी, ते मांडतंय. घालू का?"

"घाल की. मला कशाला इचारतोस आता?"

"वीस वर्सं पानी कुणी वाटलं? मी का?"

अण्णांनी पाय खाली सोडले, उजव्या हातानं कॉटची कड धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सरक जरा. बरोबर काय काय येतंय त्याच्या, ते वाच आधी. मोठ्यानं वाच."